पनवेलच्या पुस्तकाचं शेवटचं पान

बायकांनी बायकांवर प्रेम केलेल्या कादंबऱ्या शोधून तुमच्या गळ्यात मारणं, हा माझा गेल्या काही वर्षांचा बिनपगारी धंदा. जुन्या वाचकांना माहीतच आहे की या नायिकांना आयुष्य फार थोडं मिळतं. पन्नास पानांत ओळख, शंभराव्या पानावर एकमेकींच्या वेण्या घालणं, आणि शेवटी एक विहिरीत तर दुसरी बोहल्यावर. दोघी जिवंत राहून गॅसचा नंबर लावताहेत, अशी कादंबरी सापडली की मी डोळे मिटून शिफारस करते, मग भाषा कशी का असेना.

तर एका वाचिकेने पनवेलच्या एका वाचनालयातल्या कादंबरीच्या शेवटच्या पानाचा फोटो पाठवला. लायब्ररीच्या पुस्तकाच्या शेवटी पेन्सिलीतले अभिप्राय असतातच. 'छान', 'बोअर', 'वेळ फुकट'. इथे मात्र वेगवेगळ्या अक्षरांत गप्पा रंगल्या होत्या. 'शेवटी सुमन मरते, उगाच रडवलंय.' खाली: 'मरत नाही, घर सोडते. नीट वाचा.' त्याखाली, अगदी मोत्यासारख्या अक्षरात: 'माझीही अशी मैत्रीण आहे. तिला कसं सांगू?' उत्तर: 'बोलू नका. हेच पुस्तक तिला वाचायला द्या.' आणि शेवटची ओळ पुन्हा मोत्यांची: 'दिलं. तीन आठवडे झाले, काहीच बोलत नाही.'

आता मी काय केलं असेल? अर्थात, कादंबरीच्या आणि गावाच्या नावासकट फोटो ब्लॉगवर टाकला. माझ्या आजवरच्या कुठल्याही लेखाला मिळाला नसेल एवढा प्रतिसाद. पुढे काय झालं, ती हो म्हणाली का, असं सगळे विचारायला लागले. मीही लगेच जाहीर करून टाकलं की पुढच्या शनिवारी स्वतः पनवेलला जाऊन छडा लावते.

पुण्याहून सकाळची सहाची एसटी घ्या, खिडकी डावीकडची. घाटात ट्रक बंद पडलेला असेल असं धरून एक तास जादा ठेवा. मध्ये फूड मॉलवर बस थांबते. तिथला वडापाव अशा किमतीत मिळतो की त्यात बटाट्याचा सातबाराही नावावर करून द्यायला हवा. भूक दाबून ठेवा आणि पनवेल स्टँडबाहेर उतरून पोहे खा.

स्टँडपासून जुन्या बाजारात चालत दहा मिनिटं लागतात. मला हे माहीत नसल्यामुळे मी रिक्षा केली. मीटरचं विचारलं तर काका म्हणाले, "मीटर हाय, पन चालत नाय." लायब्ररी बघायला खास पुण्याहून आलेय म्हटल्यावर त्यांना माझी दया आली. तलाव बघा, शिरढोणचा जुना वाडा बघा, लायब्ररीत काय हाय, असं समजावत त्यांनी मला बाजाराला एक प्रदक्षिणा घडवली.

वाचनालय पहिल्या मजल्यावर. साडेनऊला उघडतं, बाराला बंद. ज्ञानाची तहान दुपारी लागली तर संध्याकाळपर्यंत कळ काढायची. ग्रंथपाल शैलाताईंना मी आधी फोन केला होता. पन्नाशीच्या, नाकावर चष्मा, समोर भलंमोठं रजिस्टर. त्यांनी पुस्तक पुढे ठेवलं. मी मोबाइल सरसावून शेवटचं पान उघडलं.

पान कोरं होतं. एक अक्षर नाही, फक्त कागदावरची लव थोडी उठलेली.

शैलाताई म्हणाल्या, पुस्तकं स्वच्छ ठेवायचा नियम आहे. नियम भिंतीवर लावलेलाही होता, आणि शेजारच्या कपाटातली सगळी पुस्तकं पेन्सिलीने बरबटलेली होती. मी वैतागले. एवढ्या लांबून आले, किती मोलाची गोष्ट होती, लोक वाट बघताहेत, वगैरे बरंच ऐकवलं. त्यांनी ते संपू दिलं आणि मग विचारलं, "मॅडम, फोटो टाकायच्या आधी तुम्ही कोणाला विचारलंत?"

मी म्हटलं, नाव तर कोणाचंच नव्हतं.

"नावाची गरजच काय? तिचं अक्षर चांगलं म्हणून अर्ध्या पनवेलच्या लग्नपत्रिकांवर पत्ते तीच घालते. घराघरात तिचं अक्षर पडलंय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. माझा फोटो फिरत फिरत तिच्या भावजयीपर्यंत पोचला. तिने तो घरच्या ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, हे आपल्या ताईंचंच अक्षर ना? ताई लग्न न करता भावाच्या घरी राहणाऱ्या. दुसऱ्या दिवशी त्या लायब्ररीत येऊन कपाटापाशी नुसत्या उभ्या राहिल्या. शैलाताईंनी दार लावून घेतलं आणि खोडरबर काढला. दोन दिवसांनी भावजय आली, सभासद झाली आणि तेच पुस्तक घेऊन गेली.

"कोरं पान बघून परत आणून दिलं," शैलाताई म्हणाल्या. "फोटो दुसऱ्याच कुठल्या प्रतीचा असेल, असं मी सांगितलंय. आता तुम्ही तेवढा तो फोटो काढून टाका."

मी तिथेच, त्यांच्या देखत, तो लेख काढून टाकला. ज्या फोनांत तो फोटो आधीच पोचला होता त्यांचं काहीच करता येणार नव्हतं. मला स्वतःची मनापासून लाज वाटली. पुस्तकात बाई विहिरीत गेली की लेखकाला झोडपणारी मी, इथे खऱ्या बाईला काठापर्यंत नेऊन वर प्रतिसाद मोजत बसले होते. बारा वाजले. शैलाताईंनी नियमाप्रमाणे मला बाहेर काढलं.

परतीची बस लवकर मिळाली. घाट मोकळा होता. घरी पोचले तर दारावरच्या पितळी पाटीशी थबकले. मेघनाचं नाव आणि माझं, शेजारीशेजारी. त्या पाटीसाठी सोसायटीशी वर्षभर भांडले होते, आणि पाटी लागल्यावर त्याच्या फुशारक्याही मारल्या होत्या. पनवेलच्या त्या बाईकडे पेन्सिलीतल्या दोन ओळी होत्या, त्याही माझ्यामुळे गेल्या. मेघनाने दार उघडताच विचारलं, "मग, ती मैत्रीण हो म्हणाली का?" मी म्हटलं, विचारलं नाही. तिला खरं वाटेना.

हे सगळं लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आठ महिन्यांनी शैलाताईंचा निरोप आला: 'आता लिहिलंत तरी चालेल, ताईंना विचारलंय. त्या पनवेल सोडून गेल्या.' त्यांच्या सांगण्यावरून नातं, वार आणि आणखी एक गोष्ट बदलली आहे, त्यामुळे ओळखायचा प्रयत्न करू नका.

एकट्या गेल्या की दोघी, हे शैलाताईंनी कळवलं नाही. मीही विचारलं नाही.