सुनंदाच्या नावावरचा जोड

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय – आणि आज पाऊल मागे घेणार नाही.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मानपाड्याला एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी आणि सुनंदा नोकरीला होतो. केमिकल कंपन्यांसाठी कंट्रोल कार्डं बनवायचो. प्रोग्रॅम माझा, सोल्डरिंग, म्हणजे कार्डावरचे जोड तापवून डाखायचं काम, सुनंदाचं. कार्डावर एक चिप असायची. प्रोसेसर कशातही गुंतलेला असो, त्याला मध्येच अडवून ‘आधी इकडे बघ’ सांगायचं, हे तिचं काम. यालाच इंटरप्ट म्हणतात. टाकीचं तापमान चढलं की इंटरप्ट जायचा आणि भोंगा वाजायचा. चिपकडे येणारी प्रत्येक लाइन प्रोग्रॅममधून चालू-बंद करता यायची. एका बिटाचा प्रश्न.

टेबलावर टेस्टिंग करताना सेन्सर जोडलेला नसे, त्यामुळे तापमानाची लाइन उगाचच भोंगा वाजवून डोकं उठवायची. मी ती बंद केली. कार्ड पाठवताना पुन्हा चालू करायची – करायची ना? – ती राहिली. कार्ड तसंच कंपनीत बसलं.

एके दिवशी टाकी तापली आणि भोंगा गप्प. झाकणाच्या कडेनं उकळता माल उडाला. ऑपरेटर चटकन बाजूला सरकला म्हणून वाचला. दंड मात्र चांगलाच भाजला.

आमच्या साहेबांनी मला तिकडे धाडलं. प्रोग्रॅम उघडला, तर तापमानाची लाइन बंदच होती. तेव्हाच बोलता आलं नसतं का? आलं असतं. मी गुपचूप तो बिट बदलला. मग – इथे हात अडतोय, पण लिहितो – सुनंदाच्या एका चांगल्या, चकचकीत जोडावर सोल्डरिंग आयर्न टेकवलं आणि साहेबांना सांगितलं, जोड कच्चा होता, पक्का करून आलो.

साहेब तिला सगळ्यांसमोर नाही नाही ते बोलले. थोड्याच दिवसांत तिनं काम सोडलं. मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं.

पुढे काही वर्षांनी ती डोंबिवलीत भाजी घेताना भेटली. विषय तिनंच काढला.

“तो जोड मी कच्चा सोडलेला रे. तू पकडलास म्हणून, नाहीतर पुढच्या वेळी कुणीतरी गेलं असतं. मी परत आयर्न हातातच नाही घेतलं.”

आणि तिनं माझे आभार मानले.

मी म्हणालो, “असू दे गं. होतं असं.”