तबकडीचा वाडगा

भाच्याच्या कॅफेत मी दोन फ्राइज खाल्ले, तेव्हा मला ठाऊक नव्हतं की आपण कशातून खातोय. आजही ते आठवलं की जिभेवर तेल येतं.

गाण्यांची ती जुनी तबकडी मला माझ्या घरमालकांनी दिली होती. मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात शिफ्टची नोकरी करायचो आणि हर्सूलला त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. सर कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, एकटेच. रोज सकाळी अकराच्या सुमारास खाली त्यांच्या तबकड्या वाजायच्या. इंग्रजी गाणं म्हणजे धांगडधिंगा, अशी माझी पक्की समजूत होती. नाइट शिफ्ट करून आलो की मी कानावर उशी घेऊन झोपायचो.

मग वडील मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावाहून आले. त्यांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. डोळ्याला पट्टी, उन्हात जायचं नाही, वाकायचं नाही. दिवसभर खोलीत बसून त्यांचा जीव कावला होता. दुसऱ्या दिवशी खालून गाणं सुरू झालं तसं त्यांनी मला हलवून उठवलं.

"कोण गातंय रं?"

"खाली सरांनी लावलंय. इंग्रजी हाय, आबा."

"त्यायला म्हण, दार उघडं ठेवा जरा."

मी खाली जाऊन चाचरत सांगितलं. सरांनी प्लेअरच उचलला आणि दोन्ही हातांनी छातीशी धरून जिना चढून वर आणला. तबकडी सत्तरच्या दशकातली, तिकडच्या कुणा गिटार घेऊन गाणाऱ्याची. सर प्रत्येक गाण्याचा अर्थ सांगायला लागले, तर आबांनी हात वर केला.

"अर्थ नगा सांगू सर. ह्यो गडी वरडत नाय. मेंढरं बसली की माणूस असंच गातं. सवताला ऐकू यील एवढंच."

सर हसले आणि तेही ऐकू लागले. त्या दिवशी मी पहिल्यांदा ती तबकडी नीट ऐकली. ढोल होता, पण कुणी पलीकडच्या खोलीत थोपटत असल्यासारखा. तारेवरून बोट सरकल्याचा बारीक आवाज यायचा, तो रेकॉर्ड करणाऱ्यांनी पुसून टाकला नव्हता. दुसऱ्या बाजूला एक गाणं होतं. त्यात मधेच सगळी वाद्यं थांबतात आणि त्या गड्याचा आणि एका बाईचा आवाज, दोनच उरतात. ती त्याच्यावर चढत नाही, मागंही पडत नाही. शेतातून दोघं सोबत घरी चालत यावीत तसं ते चालतं. तिथं आबा हमखास मान डोलवायचे. त्याच गाण्यावर एक ओरखडा होता. सुई अडकली की सर उठून बोटानं हलकेच पुढं ढकलायचे.

पुढं सर लेकीकडे पुण्याला राहायला गेले. जाताना प्लेअर आणि ती एक तबकडी मला देऊन गेले. बारा वर्षं मी ती सांभाळली. सुटीच्या दिवशी मऊ कापडानं पुसायची, वाजवायची, खाकी पाकिटात घालून उभी ठेवायची.

यंदा भाच्यानं जालना रोडला कॅफे काढला. जुन्या जमान्याची थीम, म्हणाला. घरी आला आणि पाकीट हातात घेऊन म्हणाला, "मामा, उद्घाटनाला हीच वाजवतो. दोन दिवसांत आणून देतो." मला बरं वाटलं. वाटलं, चार लोक ऐकतील.

मी गेलो तर आत स्पीकर दणदणत होता. भिंतीवर सायकलची चाकं, कंदील, कुणाच्या तरी आजोबांचे फोटो भंगारातून आणून टांगलेले. ज्यांचे कुणी नाहीत असे आजोबा! बहिणीनं मला बसवलं, समोर फ्राइज आले. वाडगा काळा, कडा लाटेसारख्या वळलेल्या. मी दोन खाल्ले. तिसरा उचलला तर खाली चीजच्या पिवळ्या चिखलात गोल कागद दिसला. तपकिरी, तेलानं पारदर्शक झालेला. माझ्या तबकडीच्या मधोमध चिकटवलेला तोच कागद; त्यावरचं प्रत्येक अक्षर मला पाठ होतं.

"हे काय आहे?"

भाचा हसत आला. "मामा, आयडिया बघा ना! ओव्हनमध्ये ठेवली की रबरासारखी वाकते. लोक फोटो काढायलेत नुसते."

"तू वाजवायला नेली होतीस."

"प्लेअरच नाय मिळाला. आन् तिच्यावर ओरखडा होताच की. तशी बी खराबच होती."

पलीकडच्या टेबलावरच्या बाईनं तेवढ्यात माझ्या वाडग्याचा फोटो काढला. मी तोंडात उरलेला घास कागदी रुमालात थुंकून टाकला. सगळ्यांसमोर थुंकलो, त्याची लाज वाटली नाही. उरलेले फ्राइज टेबलावर उपडे केले आणि वाडगा काखेत मारला. शर्टाला चीज लागलं. बहीण मागं धावत आली, "दादा, एवढ्याशा तबकडीपायी उद्घाटनाच्या दिवशी असं करतंय का कुणी?" मी तसाच बाहेर पडलो. काही बोललो असतो तर घाणच बोललो असतो.

घरी आल्यावर मी जुन्या ब्रशनं रेषा घासत बसलो. रेषांमध्ये चीज भरलं होतं आणि गरम पाणी ओतलं की तो वास उठायचा, आंबट, दुधाळ. ज्या रेषांत तो आवाज होता, त्यांत आता बटाटा होता. आणि मी त्यातलं खाल्लं होतं. अर्ध्या तासानं मी ती ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकली. सकाळी घंटागाडी घेऊन गेली.

महिन्याभरानं भाचा आला. हातात नवी कोरी तबकडी, तीच गाणी, पुन्हा छापलेली. बहिणीनं पाठवलं असणार. "सॉरी मामा," म्हणाला आणि निघायला लागला.

"बस. दोन्ही बाजू ऐकून जा."

तो बसला. पहिल्या गाण्यातच त्याचा हात खिशातल्या फोनकडे गेला. तिसऱ्या गाण्याला त्यानं विचारलं, "मामा, सगळं असंच हळू हाय का?"

"व्हय."

"मग दुकानात नाय चालायचं."

माझ्या घरात बसून, माझी माफी मागायला आलेला असताना त्याच्या डोक्यात दुकानच होतं. मला त्याच्याकडे बघवेना. पहिली बाजू संपल्यावर मीच त्याला जायला सांगितलं.

दुसरी बाजू मी एकट्यानं लावली. त्या दोघांच्या गाण्याशी सुई अडकली नाही, गाणं सरळ शेवटापर्यंत गेलं. इतक्या वर्षांत मी ते सलग कधी ऐकलंच नव्हतं. गाणं तसंच होतं, चांगलंच होतं. मी ते पुन्हा लावलं, गावी फोन केला आणि फोन स्पीकरपाशी धरला. आबांना आता कमी ऐकू येतं. गाणं संपत आलं तसा मी फोन कानाला लावला.

मग ते म्हणाले, "मोठ्यानं लाव."