मेहुणा नावाचा पाना

जुन्या मोटारी दुरुस्त करणारे आमचे काका हत्यारं विकत घेत नाहीत. घरीच घडवतात आणि वर त्यांना नावंही ठेवतात. परवा डॉक्टरांच्या गाडीचा एक नट इंजिनामागे रुसून बसला. तो संध्याकाळपर्यंत निघाला नाही, तर डॉक्टर गाडी भंगारात देणार होते. काकांनी एक पाना तापवून दोनदा वाकवला. नको तिथे शिरतो, म्हणून त्याचं नाव ‘मेहुणा’. मग गाडीखाली झोपून म्हणाले, “अगं, मेहुण्याला पाठव.”

काकूने आपल्या भावालाच धाडलं.

“आलाच आहेस, तर तो पाना दे आणि लाव जोर,” काका म्हणाले. दोघांनी रेटला आणि नट सुटला.

“मग कोणता मेहुणा कामी आला?” काकूने विचारलं.

“दोन्ही. एक मी वाकवला, दुसरा मुळातच वाकडा.”