दुधाच्या टाकीतली बिअर

मॅग्नहिल्डने दुधाची जुनी टाकी ट्रॅक्टरवर लादून घरी आणली, त्या दिवशी अख्ख्या ग्रोव्हदालला चघळायला विषय मिळाला. नॉर्वेच्या फ्योर्डकाठच्या या गावात दुकानाची बिअर पाहुण्यापुढे ठेवणं म्हणजे नाक कापून घेणं. जवाला मोड आणण्यापासून सगळं घरी होतं. करतात मात्र पुरुष. बायकांनी भांडी घासायची आणि छान झाली म्हणायचं. मॅग्नहिल्ड पंचेचाळिशीची, डेअरीचा टँकर चालवणारी, दणकट बाई. स्वभावाने बापावर गेलेली, म्हणजे हट्टी.

बाप तोरलेइव्ह. बिअरच्या बाबतीत त्याचं म्हणणं म्हणजे ब्रह्मवाक्य. त्याच्या घराण्याचं यीस्ट कित्येक पिढ्यांचं, आणि विरजण मागून न्यावं तसं गावातल्या बहुतेक घरांनी ते कधी ना कधी त्याच्याकडून नेलेलं. मुलीने मागितलं तेव्हा मात्र म्हाताऱ्याने टाकीभोवती एक फेरी मारली.

"काय गं, यातून माणसांना पाजणार आहेस की वासरांना?"

"जो येईल त्याला, बाबा. यीस्ट देता का?"

"लाकडाचं पिंप आण, मग बोलू. पत्र्याच्या डब्यात मी माझ्या आज्याचं यीस्ट कोंडणार नाही."

तो निघून गेला. मॅग्नहिल्डला रडू आलं नाही, संताप आला. तिला काही बिअरची तहान लागली नव्हती. बापाने आपल्या हाताने यीस्ट द्यावं, म्हणजे ही पोरगी आपल्या तालमीतली असं त्याने मान्य करावं, एवढंच तिला हवं होतं. आणि पत्र्याचा डबा म्हणे! गेली वीस वर्षं ती दारोदार दूध भरत हिंडत होती. कुठल्या गोठ्यातली टाकी कशी, हे तिला त्या गोठ्याच्या मालकापेक्षा जास्त ठाऊक. लोक गाई विकत होते, टाक्या कोपऱ्यात धूळ खात होत्या. त्यातून तिने सहा पाहून सातवी उचलली. हिच्या भिंती दुहेरी, त्यामुळे गरम पाण्यात कालवलेला जव तासन्‌तास ऊब धरून राहणार. हिचा तळ तोटीकडे उतरता, त्यामुळे गोड रसाचा थेंबही आत अडकणार नाही. आणि झाकण एवढं मोठं की कमरेपर्यंत आत वाकून घासता येईल.

पाणी तापवायला तिने आजीची कपडे उकळायची तांब्याची कढई काढली आणि चुलीचा ओटाच उंच बांधून घेतला. उकळत्या बादल्या उचलायची भानगडच नको, पाणी आपसूक नळीतून खाली यावं. दुकानदार चकचकीत स्टीलची जाळी गळ्यात मारायला बघत होता, ती तिने घेतली नाही. रस गाळायला टाकीच्या तळाशी जुनिपरच्या सुवासिक झुडपाच्या फांद्याच अंथरल्या, बाप अंथरतो तशाच. जुनं सगळंच टाकायचं नसतं, एवढी अक्कल तिला होती.

यीस्ट दिलं शेजारच्या योरुन्नने. "अगं, हे तुझ्याच बापाचं. आमच्या ह्यांनी नेलं होतं लग्नाच्या वर्षी. घे की! आणि त्याला सांगू नकोस असं मी मुळीच म्हणणार नाही."

बिअर उघडायच्या संध्याकाळी गाव लोटलं. खारवलेलं मटण, लोणी लावलेल्या लेफ्से नावाच्या मऊ पोळ्या, आणि बिअर. इथे कुणी तोंडभरून कौतुक करत नाही, "वाईट नाही" म्हणाले की झेंडा रोवला. मॅग्नहिल्डने त्या रात्री ते दहा तोंडांतून ऐकलं. तोरलेइव्हही आला. एक प्याला संपवला, दुसरा मागून घेतला आणि म्हणाला, "तहान लागली होती."

पुढच्या हिवाळ्यात म्हाताऱ्याचे गुडघे गेले. लाकडी पिंप म्हणजे लहान मुलासारखं, रोज उठून त्याचं करावं लागतं. जुनिपरच्या उकळत्या पाण्याने फटीन्‌फट धुऊन काढावी लागते, ते त्याला जमेना. नाताळची बिअर आंबट होऊन नासली. त्याने हवेला नावं ठेवली आणि जपून ठेवलेलं उरलंसुरलं यीस्ट दुसऱ्या घाण्यात ओतलं. तोही नासला, आणि घराण्याचं यीस्ट संपलं. गावाला कळलं, पण बोललं कुणीच नाही. म्हाताऱ्याचा मान होता तेवढा.

एका सकाळी मॅग्नहिल्ड टाकीत वाकून तळ घासत होती, तेव्हा मागून हाक आली. तिने डोकं बाहेर काढलं. बाप दारात उभा होता, टोपी काखेत, हातात रिकामी बरणी.

"थोडं देशील?"

वर्षभर तिने उत्तरं घोकून ठेवली होती, एकेक वर्मी लागेल असं. त्याचे थकलेले पाय बघून तिने ती सगळी बाजूला सारली.

"बाबा, एवढं चढून आलात? योरुन्नचं घर तर वाटेतच होतं."

"योरुन्नकडे योरुन्नचं आहे," म्हातारा गुरगुरला. "मला आपल्या घरचं हवंय."

तिने बरणी काठोकाठ भरली. झाकण काही केल्या नीट बसेना, डोळ्यांत पाणी आल्यावर कसं बसणार? तोवर तोरलेइव्ह टाकीपाशी गेला होता. त्याने आत डोकावलं, तळावरून तोटीपर्यंत बोट फिरवलं, तोटी उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"हे बघ," बरणी कोटाच्या खिशात घालत तो म्हणाला, "तुझ्या फेरीत अशी एखादी रिकामी टाकी दिसली तर माझ्यासाठी निवड. तुला कळतं त्यातलं."

"बघते," मॅग्नहिल्ड म्हणाली. तो वळणाआड जाईपर्यंत ती ओल्या हातांनी दारात उभी राहिली, मान ताठ करून.