बेडफर्डच्या असुंताबाई

एजवेअरहून बेडफर्ड तसं लांब नाही. मिल हिलला ट्रेन पकडली की तासाभरात पोहोचतो. पण त्या शनिवारी रुळांचं काम निघालं होतं. ल्युटनला सगळ्यांना उतरवून बसमध्ये कोंबलं, आणि ती बस गावागावांतून फिरत कधीतरी बेडफर्डला लागली. आठवडाभराच्या कामाने मी आधीच शिणले होते. ऑफिसमधल्या लुचियाने "आईकडे जेवायला चल" म्हणून तीनदा बोलावलं नसतं, तर दिवसभर झोपून काढला असता. त्यात सोमवारी मॅनेजरला उत्तर द्यायचं होतं : लंडनमधलं काम आणखी दोन वर्षं वाढवून घेणार का? माझी चार वर्षांची ईरा नागपूरला माझ्या आईकडे होती.

लुचिया पन्नाशीची. ती गाडी घेऊन स्टेशनवर आली होती. वाटेत लांबवर वीटभट्टीची धुराडी दिसली.

"यांच्यासाठी आणलं आमच्या लोकांना," ती म्हणाली. युद्धानंतर इंग्लंडला घरं बांधायची होती आणि भट्टीवर राबायला इथली माणसं मिळत नव्हती. म्हणून दक्षिण इटलीतल्या खेड्यांतून पुरुषांना करारावर आणलं. लुचियाचे वडील त्यांतलेच.

तिची आई, असुंताबाई, दारातच उभ्या होत्या. ऐंशीला टेकलेल्या, ठेंगण्या. खिडकीत बासिलिकोची (तुळशीच्या जातीचं झाड) कुंडी, आणि घरभर टोमॅटोच्या रश्शाचा वास. जेवायला काव्हातेल्ली (बोटांनी दाबून केलेले कणकेचे तुकडे) होती; आपल्या शेंगोळ्यांची चुलत भावंडंच. इतक्या वर्षांनंतरही बाईंचं इंग्रजी तोडकंमोडकं होतं. त्या इटालियनमध्ये बोलत आणि लुचिया मला इंग्रजीत सांगे.

"तुला मुलं किती?" त्यांनी विचारलं.

"एक मुलगी. माझ्या आईकडे असते."

त्यांनी काटा खाली ठेवला.

"नवरा आधी आला, मागून मी. मूल असलेल्यांना कुणी खोली देत नसे. एका खोलीत आम्ही दोन जोडपी राहायचो, मधे पडदा. लुचिया वर्षाची होती. तिला सासूकडे ठेवलं, दोन वर्षांसाठी म्हणून. सहा झाली. मग हे घर घेतलं आणि तिला बोलावलं. स्टेशनवर तिने हात पुढे केला आणि म्हणाली, बुऑनजोर्नो, सिन्योरा (नमस्कार, बाई)."

लुचियाने हे सगळं सपाट आवाजात सांगितलं, दुसऱ्याच कुणाबद्दल असावं तसं.

विचारायला नको होतं, पण मी विचारलं, "पुन्हा तसंच कराल?"

"नाहीतर हे घर कुठून आलं असतं?" त्या म्हणाल्या. मग ताटाकडे बघत म्हणाल्या, "माहीत नाही."

परत जाताना गाडीत मी लुचियाला म्हटलं, "तू त्यांना नावाने हाक मारतेस. मला वाटलं, इकडची पद्धत असेल."

"मम्मा म्हणजे माझी आजी," ती म्हणाली. "या बाईला काय म्हणायचं ते मला कळेना. सगळे असुंता म्हणायचे, मीही म्हणू लागले. पुढे बदलायची लाज वाटली. मी रोज फोन करते, औषधं आणून देते, चर्चला नेते. माया नाही असं नाही. तो शब्द तेवढा राहून गेला."

परतीच्या बसमध्ये डोळे मिटत होते, पण झोप लागली नाही. रविवारी सकाळी नागपूरला फोन लावला. ईराने माझ्या प्रत्येक प्रश्नाला नीट "हो", "नाही" अशी उत्तरं दिली आणि शेवटी विचारलं, "ठेवू का?"

सोमवारी मी मॅनेजरला नाही म्हणून सांगितलं. त्याने कारण विचारलं नाही. माझं काम कोणाकडे सोपवायचं, एवढंच विचारलं.

दोन महिन्यांनी नागपूरला उतरले तेव्हा अंग मोडून आलं होतं. ईरा माझ्या आईच्या मागे उभी होती. शिकवून ठेवल्याप्रमाणे तिने "आई" म्हटलं, मला पापाही घेऊ दिला. मग आजीची ओढणी ओढून हळूच विचारलं, "ही किती दिवस राहणार?"

"आता इथेच," मी म्हणाले.

तिचा विश्वास बसलेला दिसला नाही. दीड वर्षापूर्वी जाताना मी तिला "लगेच येते" असं सांगून निघाले होते.