साडूभाऊंचा फॉन्ट पाथ

शोधणं म्हणजे काय, हे माझ्या थोरल्या साडूंइतकं अख्ख्या जालना जिल्ह्यात कुणाला कळलं नसेल, आणि शोधण्यात इतका वेळही कुणी घालवला नसेल. नवीन जालन्यात स्टेशनकडे जाताना त्यांचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. तिथल्या जुन्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरला अक्षरांचे फॉन्ट आधी कुठे शोधायचे, मग कुठे, हे सांगून ठेवावं लागतं. त्याला म्हणतात फॉन्ट पाथ. एकाच नावाचा फॉन्ट दोन जागी असला, तर आधी सापडेल तोच पडद्यावर येतो. गोष्ट एवढीशी, पण साडूभाऊंनी ती कॉम्प्युटरपुरती ठेवली नाही.

चष्मा हरवला की आधी देवघर, मग फ्रिज, मग खिसा. चष्मा फ्रिजवर समोर दिसत असताना ते देवघराकडे निघालेले मी या डोळ्यांनी पाहिले आहेत. मला भेटायचं तर आधी माझी बँक, मग चहाची टपरी, मग घर. मी तापाने घरी पडलोय हे फोनवर त्यांनाच सांगितलं होतं, तरी स्वारी बँक आणि टपरी करूनच आली. मी चिडलो, तर शांतपणे म्हणाले, "क्रम म्हंजे क्रम, साडू. मधूनच उडी मारली की सगळाच घोळ होतो."

दुकानात त्यांच्या शेजारी धाकट्या भावाचा कॉम्प्युटर असे. त्यात नव्या नखरेल अक्षरांचा साठा, आणि वायरीतून साडूभाऊंचं मशीन तिथेही शोधायला जाई, पण सगळ्यात शेवटी. "दादा, मला जरा वर घे ना," ही धाकट्याची रोजची भुणभुण. एकदा त्याने न विचारता स्वतःच स्वतःला वर चढवलं, आणि एका पाटलांच्या पत्रिकेत कुलदैवताचं नाव वेलबुट्टीत वळवळत छापून आलं. शब्दाला शब्द वाढला. "तुझं मशीन उचल अन् नीघ," साडूभाऊ बोलून गेले. धाकट्याने खरंच उचललं आणि बदनापूरला वेगळं दुकान टाकलं. येणं-जाणं थांबलं.

तेव्हापासून साडूभाऊंचं मशीन सुरू व्हायला फार वेळ घेई. पडदा काळा ठिक्कर. ते तेवढ्यात मागे जाऊन चहा टाकत. चहा कपात आला की मग कुठे पडद्यावर अक्षरं उमटत. मी कारण विचारलं.

"धाकट्याच्या मशीनला शोधून राह्यलं. न्हाई सापडलं की मंग पुढं जातं."

"मग काढून टाका ना ती जागा."

त्यांनी मला पाथ उघडून दाखवला. धाकट्याची जागा सगळ्यात वर होती.

"त्याला वर पाहिजे व्हतं," कप पुसत ते म्हणाले. "आता हाये वर."

एरवी मी त्यांची टिंगल करायचो; त्या दिवशी माझा कप स्वतःच विसळून ठेवला.

गेल्या महिन्यात मी दुकानात बसलेलो असताना रिक्षा थांबली. धाकटा उतरला, छातीशी कॉम्प्युटर धरून.

"दादा, पोरीचं लग्न जमलं. पत्रिका तुझ्याच हातची पाहिजे. अक्षरं बी तुझीच टाक."

साडूभाऊ उठले. टेबलाची ती बाजू त्यांनी इतके दिवस रिकामीच ठेवली होती, तिच्यावरची धूळ त्यांनी हाताने पुसली. धाकट्याने वायर जोडून आपलं मशीन लावलं. साडूभाऊंनी आपलं मशीन बंद करून पुन्हा चालू केलं आणि सवयीने चहा टाकायला मागे गेले. पाणी तापायला ठेवलं असेल-नसेल, तोच बाहेरून हाक आली, "दादा, चालू झालं."

साडूभाऊ हातात साखरेचा चमचा तसाच घेऊन पडद्यासमोर येऊन उभे राहिले. डोळे भरून आले होते.

"लई जल्दी सापडलं," एवढंच म्हणाले.

मागे पाणी आटत होतं. शेवटी मीच उठून गॅस बंद केला.