चित्र फिरवायचं काम

कलावंताला सामान्यांना न दिसणारं दिसतं, असं व्यासपीठांवरून नेहमी सांगितलं जातं. निलंग्याच्या शाळेत आम्हाला चित्रकला शिकवणाऱ्या शिवलिंगप्पा गुरुजींना शेवटची दोन वर्षं ताटातल्या भाकरीची डावी बाजूसुद्धा दिसत नसे.

पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. डॉक्टर म्हणाले, "डोळे ठीक आहेत. मेंदूनं डावी बाजूच सोडून दिली आहे." त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, आदल्या वर्षीच गेल्या होत्या. निवृत्तीनंतर ते लातुरात आले होते, तिथं मी त्यांच्या शेजारी राहायचो. जेवताना जाऊन ताट फिरवायचो, मग उरलेली भाकरी त्यांना सापडायची. पाहुण्यांची खुर्ची पलंगाच्या डावीकडे होती. तिथं कुणी तासभर बसून गेलं, तरी गुरुजी मला सांगत, "सकाळपासून कुणी फिरकलं न्हाई बघ." खुर्ची मी उजवीकडे आणली, पण तोवर येणारे कमी झाले होते.

एक दिवस त्यांनी काकूंचं चित्र पुरं झाल्याचं सांगितलं. कागदाच्या उजव्या बाजूला एक डोळा, अर्धं कपाळ, नाकातली चमकी. डावीकडे कोरा कागद.

"कशी उतरली?"

"अर्धी," मी म्हणालो.

"तुझी नजर पयल्यापासून कच्ची."

शाळेत ते तांब्याचं चित्र उलटं टांगून आम्हाला काढायला लावत. "तांब्या इसर, रेघ बघ. तू बघत न्हाईस, ठाऊक हाय ते काढायलास." ते आठवलं आणि मी काकूंना उलटं केलं. कोरा भाग त्यांच्या उजवीकडे आला. गुरुजींनी कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं.

"हिला कुणी पुसलं रे?"

मग पेन्सिल मागितली. चार दिवसांत उरलेला चेहरा त्यांनी उलटाच, एक रेघ न चुकवता, काढला. मी चित्र सुलटं केलं.

"ही तर पयलीच बाजू. दुसरी कुठं गेली?"

दोन्ही बाजू एकदम दिसायच्या नाहीत, हे माझ्याआधी त्यांनीच मान्य केलं. "एक दिवस ही, एक दिवस ती. संसारात तरी पुरी कुठं दिसली होती."

चित्र फ्रेम करून पलंगासमोर टांगलं. रोज सकाळी ते फिरवायचं काम माझ्याकडे आलं. मी आलोय हे कळावं म्हणून उजवीकडून जायचो.

गुरुजी गेले, लिंगैक्य झाले, त्या दिवशी पाळी उलट्या चित्राची होती. हार घेऊन आलेल्या गुरुजींच्या साडूंनी आधी काकूंना सुलटं केलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "इतक्या दिवसांत एकाला बी दिसलं न्हाई का?"

फ्रेमला खालूनही कडी होती.